दाताच्या दवाखान्यातले तीन हुतात्मे

मी एक चित्र बोलतोय. व्याकरणाप्रमाणे ‘बोलतंय’ म्हणायला हवं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या अंगावर दोन पुरुष हुतात्मे आहेत आणि एक बाई, तेव्हा बहुमताने ‘बोलतोय’ ठरलं. बाईचं मत घेतलं नाही, कारण तिच्या तोंडात पक्कड आहे.

माझा जन्म सुमारे पाचशे वर्षांमागे उत्तर इटलीतल्या एका लहान गावात झाला. पॉप्लरच्या फळ्या जोडून माझं अंग केलं, त्यावर खडूचा लेप दिला आणि अक्रोडाच्या तेलात खललेल्या रंगांनी मला हे तीन हुतात्मे चिकटले. डावीकडे संत लॉरेन्स. त्याला लोखंडी जाळीवर निजवून खालून विस्तव पेटवलाय. भाजता भाजता तो म्हणाला म्हणे, “ही बाजू झाली, आता उलटा.” उजवीकडे संत सेबास्टियन, खांबाला बांधलेला, अंगभर बाण. आणि मधोमध संत अपोलोनिया. तिला चौघा दांडग्यांनी धरलंय आणि पाचवा लांब पकडीने तिचे दात उपटतोय.

आता घरातली गोष्ट सांगतो. लॉरेन्स म्हणून चित्रकाराने आपल्या मेहुण्याला निजवलं होतं. तो खरोखरच झोपून गेला, म्हणून लॉरेन्सच्या चेहऱ्यावर एवढी शांती आहे. लोक तिला श्रद्धा समजतात. सेबास्टियन म्हणजे गावातला न्हावी. त्याला स्वतःच्या रूपाचा भारी अभिमान, त्यामुळे त्याला बाण लागलेत की हार घातलेत ते कळत नाही. अपोलोनियाला मात्र शेजारची धोबीण बसली होती, आणि तिची दाढ खरोखर ठणकत होती. सगळ्या चित्रात खरं दुखणं तिच्या एकटीच्या तोंडावर आहे.

चर्चमध्ये माझे दिवस मेणबत्त्यांच्या धुरात गेले. अपोलोनिया ही दातदुखीची संत. गाल सुजलेली माणसं यायची, बोट तिच्या जबड्याला लावायची, मग स्वतःच्या. तिथला रंग झिजून गुळगुळीत झाला. दात बरा व्हायचा की नाही ते मला कळायचं नाही. बरा झालेला माणूस परत कशाला येतोय?

पुढे शिकागोतल्या एका मांसाच्या व्यापाऱ्याने मला विकत घेऊन बोटीने अमेरिकेला आणलं आणि आपल्या वस्तीतल्या पोलिश लोकांच्या चर्चला भेट दिलं. गुरंढोरं कापून श्रीमंत झालेला माणूस तो. त्याला माझ्यातला जाळीचा भाग आवडला असावा. तिथे मी बरीच वर्षं काढली. मग वस्तीतली तरुण माणसं उपनगरांत राहायला गेली, म्हाताऱ्या तेवढ्या उरल्या, छत गळायला लागलं आणि एक दिवस चर्च बंद झालं.

सामान विकायला काढलं तेव्हा डॉ. प्रतिमा खोब्रागडे तिथे आल्या. त्या आल्या होत्या बाकांसाठी. शिकागोजवळच्या शॉमबर्ग उपनगरात त्यांचा दाताचा नवा दवाखाना उघडायचा होता आणि वेटिंग रूमला बसायला काहीतरी मजबूत हवं होतं. नागपूरला डेंटल कॉलेज केलेली ही बाई. इथे आल्यावर पुन्हा पहिल्यापासून परीक्षा, पुन्हा कॉलेज, आणि दुसऱ्यांच्या दवाखान्यांत बरीच वर्षं घासून शेवटी स्वतःची पाटी. आडनाव अमेरिकन पेशंटच्या जिभेला पेलत नाही, म्हणून सगळे त्यांना ‘डॉक्टर के’ म्हणतात.

बाक व्हॅनमध्ये चढवून झाले तेव्हा फादर मला घेऊन बाहेर आले. “हे पण न्या,” ते म्हणाले. “कुणी घेत नाहीये. मुलं रडतात.”

प्रतिमाने अपोलोनियाकडे बघितलं. मग जरा वाकून, डोळे बारीक करून, पकडीकडे बघितलं.

“चुकीच्या दाताला धरलंय,” ती म्हणाली. “सूज खालच्या दाढेला आहे आणि हा वरचा ओढतोय.”

धोबिणीची दाढ इतक्या वर्षांत कुणाला दिसली नव्हती. मी त्या बाईबरोबर आनंदाने गेलो.

असा मी शॉमबर्गच्या एका छोट्या शॉपिंग सेंटरमध्ये आलो. एका बाजूला व्हिडिओ कॅसेटचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिझ्झाचं. भिंतीतून भट्टीचा वास आला की मी लॉरेन्सकडे बघायचं टाळतो. मराठी मी इथेच, वेटिंग रूममध्ये शिकलो. त्याआधी मला लॅटिन प्रार्थना यायच्या आणि पोलिश शिव्या.

प्रतिमाचा नवरा अरुण जवळच्याच एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. तो आला की माझ्याकडे पाठ करून बसायचा. “प्रतिमा, यार, पेशंट पळतील,” एवढंच म्हणायचा. त्यांची मुलगी दीक्षा शाळा सुटली की माझ्याखाली गृहपाठ करत बसायची. तिला माझं काही वाटायचं नाही. टीव्हीवर ती याहून वाईट बघत होती.

आणि मग पंचाण्णव सालच्या मे महिन्यात रामभाऊ आले.

रामभाऊ म्हणजे अरुणचे वडील. नागपूरच्या पोस्टातून निवृत्त झालेले. अंगाने सडपातळ, कपाळावर लाठीची जुनी खूण, मोर्चात मिळालेली. पत्नी सुमित्रा दहा वर्षांपूर्वी गेल्यापासून एकटेच राहत होते. अरुणने आग्रह करून उन्हाळ्यापुरतं बोलावलं होतं. पण घरी दिवसभर कोणी नसायचं, रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही, म्हणून सकाळी प्रतिमा त्यांना गाडीत घालून दवाखान्यात आणायची.

पहिल्या दिवशी ते आत आले आणि माझ्यासमोर थांबले.

“प्रतिमा, हे काय टांगलंस?”

“चित्र आहे बाबा. जुन्या चर्चमधलं.”

“देव आहेत?”

“देव नाहीत. संत आहेत.”

“म्हणजे देवाचे एजंट.” त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. “छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा माझ्या आईनं घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि नागनदीत नेऊन सोडले. आणि माझ्या सुनेनं इतक्या लांब येऊन दुसऱ्याचे देव भिंतीला लावले.”

“बाबा, मी त्यांना नमस्कार नाही करत. बाईचे दात काढताहेत, दवाखान्यात शोभतं म्हणून लावलं.”

“शोभतं,” रामभाऊ म्हणाले आणि माझ्या बरोबर समोरच्या बाकावर बसले.

तिथून ते उन्हाळाभर हलले नाहीत. शत्रूवर नजर ठेवावी तशी त्यांनी माझ्यावर ठेवली. आम्हा तिघांना त्यांनी नावंही पाडली. लॉरेन्सला ‘तवा’, सेबास्टियनला ‘साळिंदर’, आणि अपोलोनिया हे नाव जिभेवर वळेना म्हणून ‘आपली बाई’.

“दीक्षा, हा तवा भाजून राहिला आणि वर बघून हसतो. काहून?” ते नातीला विचारायचे.

“आजोबा, इट्स आर्ट.”

“आर्ट असेल नं. पण चटका तर लागत असेल.”

“ही इज अ सेंट. ही डझन्ट माइंड.”

“मग कशाचा आलाय हुतात्मा? दुखलंच नाही तर मोठेपणा कसला?”

दीक्षा पुन्हा गृहपाठात डोकं घालायची. मी मात्र विचारात पडायचो. किती बिशपांनी माझ्यासमोर प्रवचनं दिली, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

रामभाऊंना एक सवय होती. तासाभराने ते उठायचे, पार्किंगच्या कडेला जाऊन उभे राहायचे आणि खिशातून प्लास्टिकची पुडी काढायचे. खर्रा. तंबाखू, सुपारी, चुना एकत्र घोटलेला नागपुरी माल. बॅगेत सदऱ्यांच्या घड्यांमध्ये दडवून त्यांनी तो साता समुद्रांपलीकडे आणला होता. काचेतून मला सगळं दिसायचं. ते डाव्या गालात भरायचे. काही आठवड्यांनी उजव्या गालात भरायला लागले.

प्रतिमाच्याही ध्यानात आलं. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत ती डबा उघडायची, तेव्हा रामभाऊ पोळी चहात बुडवून खायचे.

“बाबा, दात दुखतोय का?”

“वय झालं.”

“एकदा खुर्चीत बसा. पाच मिनिटांत बघते.”

“सुनेपुढे तोंड वासून बसू?” रामभाऊ म्हणाले. “राहू दे. मी काही तुझा पेशंट नाही.”

प्रतिमाने त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. दिवसभरात वीस-पंचवीस परकी माणसं तिच्यापुढे तोंड उघडत होती. घरातलं एक तोंड मात्र मिटून होतं, आणि त्या तोंडाला ‘बाबा’ म्हणायचं असल्यामुळे तिला जास्त बोलता येत नव्हतं.

एके दुपारी ती बँकेत गेली होती. रिसेप्शनवरची मुलगी पिझ्झा आणायला शेजारी गेली. वेटिंग रूममध्ये रामभाऊ आणि मी, दोघंच. त्यांनी दाराकडे बघितलं, मग खिशातून दाढीचा छोटा आरसा काढला. उजेडासाठी माझ्यावर लावलेल्या दिव्याखाली येऊन उभे राहिले, बोटाने डावा गाल ओढून धरला आणि आत बघितलं.

माझ्यापासून ते हातभर अंतरावर होते. मलाही दिसलं. पांढरा चट्टा होता आणि त्याच्या कडेला लाल, चिरलेलं काहीतरी.

आरसा त्यांनी लगेच खाली केला नाही.

“सुमित्राचं असंच होतं,” ते म्हणाले. अपोलोनियाकडे बघून म्हणाले, कारण समोर तीच होती. “अस्संच. तीही खर्रा खायची. मीच आणून द्यायचो, दोघांचा एकदम. शेवटी पाण्याचा घोट जात नव्हता तिला. पोरांना फोनवर सांगितलं नाही, म्हटलं सूनबाईची परीक्षा आहे, उगाच जिवाला घोर. सांगितलं तेव्हा ती गेलेली होती.”

मग ते जरा हसल्यासारखं करून म्हणाले, “तुझं बरं आहे, आपले बाई. तुझं सगळ्यांना दिसतं.”

रिसेप्शनवरची मुलगी परत आली आणि रामभाऊ बाकावर जाऊन बसले.

माझी अवस्था काय सांगू? चित्राला आयुष्यात ऐकूनच घ्यायचं असतं. लोकांनी माझ्यापुढे पापं कबूल केलीत, लफडी सांगितलीत, शेजाऱ्याचं वाटोळं होवो म्हणून मेणबत्त्या लावल्यात. त्यातल्या एकानेही मला अस्वस्थ केलं नाही. पण त्या दुपारी प्रतिमा बँकेतून आली, सासऱ्यांना “चहा घेणार का बाबा?” म्हणून आत गेली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की त्या चित्रकाराने अपोलोनियाचं तोंड मोकळं ठेवायला हवं होतं. म्हणजे ती तरी बोलली असती.

बोलली ती वांडा.

वांडा ही माझी जुन्या चर्चमधली ओळख. ऐंशीच्या घरातली पोलिश विधवा, गुडघ्यांनी अधू, जिभेने तिखट. चर्च बंद झाल्यावर चित्र कुठे गेलं याचा तिने पत्ता काढला आणि दर शुक्रवारी बसने शॉमबर्गला यायला लागली. प्रतिमाची हरकत नव्हती. वांडा यायची, अपोलोनियाच्या जबड्याला बोट लावायची, मग स्वतःच्या कवळीला, आणि बसची वेळ होईपर्यंत बाकावर बसायची. “माझाच बाक आहे,” ती सांगायची. “याच्याखाली अजून माझं च्युइंगगम चिकटलेलं असेल.”

रामभाऊंचं इंग्रजी पोस्टातलं, वांडाचं कसाईवाड्यातलं. पण दोघांनाही बोलायची हौस होती, त्यामुळे अडलं नाही.

“मॅडम,” एका शुक्रवारी रामभाऊंनी विचारलं, “या लोकांना मारलं कशासाठी?”

“राजाच्या देवांपुढे वाकले नाहीत म्हणून.”

“नमस्कार नाही केला?”

“नाही केला. राजाची माणसं म्हणाली, एकदा डोकं टेकव, एवढे शब्द म्हण, सोडून देतो. ही म्हणाली, नाही. मग दात पाडले. मग जाळ पेटवला आणि म्हणाले, आता तरी म्हण. तर हिने स्वतःच उडी घेतली.”

रामभाऊंनी माझ्याकडे बघितलं.

“म्हणजे दुसऱ्याचे देव मानायला नकार दिला,” ते म्हणाले. “म्हणून मार खाल्ला.”

“म्हणून.”

“मग हे तर आमच्यातले निघाले.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “पण मॅडम, मग तुम्ही यांचेच देव कसे केले? वाकायला नको म्हणून मेलेल्या माणसांपुढे तुम्ही वाकता.”

दुसरी एखादी श्रद्धाळू बाई चिडली असती. वांडाने विचार केला.

“माणसाला गुडघे टेकायची सवय असते,” ती म्हणाली. “माझे गुडघे आता गेले, म्हणून मी बसून बोलते. तिची काही तक्रार दिसत नाही.” आणि त्याच सुरात तिने विचारलं, “तुमच्या गालाला काय झालंय?”

“काही नाही.”

“माझा नवराही हेच म्हणायचा. छातीवर हात ठेवून म्हणायचा, काही नाही. अंत्यविधीला मोठी गर्दी झाली होती.”



वांडाने त्यांचं मनगट धरलं आणि अपोलोनियाकडे नेऊ लागली. रामभाऊंनी हात मागे घेतला. “मी प्रार्थना करत नाही.”

“नका करू. नुसतं बघा.” तिने काठी आमच्याकडे रोखली. “हिला तोंड उघडायला लावायला चार माणसं लागली. तुम्हाला कोणी धरलेलं नाही. डॉक्टर घरातली आहे, आधी सुई देऊन बधिर करेल, वर पाणी प्यायला देईल. आणि तुम्ही तोंड मिटून बसलाय. हुतात्मा व्हायचंय तर कशासाठी तरी व्हा. असं कशासाठीच नाही, हे मूर्खपणाचं आहे.”

बसची वेळ झाली होती. ती उठली आणि काठी टेकत गेली.

थोड्या वेळाने प्रतिमा पेशंटला सोडायला बाहेर आली. रामभाऊ उभे राहिले. सदरा खाली ओढून नीट केला.

“प्रतिमा, पुढचा पेशंट कोण आहे?”

“आत्ता कोणी नाही बाबा. अर्धा तास मोकळा आहे.”

“मग मला घे.”

आतलं दार पूर्ण लागत नाही. भिंतीवरून मला खुर्चीचा खालचा भाग तेवढा दिसतो. मोज्यांवर घातलेल्या कोल्हापुरी चपला दिसल्या. त्या एकमेकींवर घट्ट दाबलेल्या होत्या.

“तोंड उघडा बाबा.”



“आणखी.”

मग हत्यार ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज आला.

“हे कधीपासून आहे?”

“थंडीपासून.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“सुमित्राचं बघितलं होतं नं.”

“आईंचंही तुम्ही मला नाही सांगितलं,” प्रतिमा म्हणाली. तिचा आवाज चढला होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता. “माझी परीक्षा होती म्हणे. काय केलं मी त्या परीक्षेचं? लोकांची तोंडं बघते. रोज बघते. पार्किंगच्या त्या टोकाला तुमचं तोंड रोज दिसत होतं मला, आणि तुम्ही म्हणालात, मी तुझा पेशंट नाही. म्हणून मी गप्प बसले. का बसले मी?”

चपला जरा सैल झाल्या.

“रागाव,” रामभाऊ म्हणाले. “बरं वाटतं. तू गोड बोलली असतीस तर मी घाबरलो असतो.”

तिने एका ओळखीच्या सर्जनकडे चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवला. उत्तर आलं ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. कॅन्सर होता, पण लहान होता, गालातून जबड्याकडे नुकता वळला होता. ऑपरेशन नागपूरला करायचं ठरलं. तिथे प्रतिमाच्या कॉलेजचे सर होते आणि रामभाऊंनाही आपल्या भाषेत कण्हायचं होतं. प्रतिमाने दवाखाना काही आठवडे बंद ठेवला आणि ती स्वतः बरोबर निघाली.

विमानतळावर जाता जाता ते दवाखान्यापाशी थांबले. रामभाऊ एकटे आत आले. खिशातून खर्ऱ्याच्या उरलेल्या पुड्या काढून त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मग माझ्यासमोर उभे राहिले.

“आपले बाई, नमस्कार मी करणार नाही,” ते म्हणाले. “तूही केला नव्हतास.”

आणि हात वर करून ते म्हणाले, “जय भीम.”

माझ्यापुढे धूप जळालाय, घंटा वाजल्यात, एक बिशप तर पाय घसरून साष्टांग पडला होता. पण बरोबरीच्या नात्याने मला कोणी काही म्हटल्याचं मला आठवत नाही. तव्यावरचा लॉरेन्ससुद्धा जागा झाल्यासारखा वाटला.

नंतरचे दिवस अंधारात गेले. दिवे बंद, पडदे ओढलेले, शेजारच्या भट्टीचा वास तेवढा चालू. एका सकाळी अरुण आणि दीक्षा कुंड्यांना पाणी घालायला आले होते, आणि रिसेप्शनवरचा फोन वाजला. अरुणने घाईने उचलला. बराच वेळ तो नुसता “हं, हं” करत होता.

“काय म्हणाली आई?” दीक्षाने मराठीत विचारलं. एरवी ती मराठीत फारसं विचारत नसे.

“झालं ऑपरेशन. डावीकडच्या जबड्याचा तुकडा काढला, दाढाही गेल्या. बाबा शुद्धीवर आलेत. बोलता येत नाही, पण पाटी मागून घेतली आणि लिहिलं, मलाही भिंतीवर टांगा.”

तो बाकावर बसला. चुकून माझ्याकडे तोंड करून बसला. डोळे पुसले, आणि माझ्या तिघांवरून नजर फिरवून म्हणाला, “बघता काय?”

त्यानंतर त्याने माझ्याकडे पाठ केली नाही.

दवाखाना पुन्हा उघडल्यावर माझी थोडी प्रतिष्ठा वाढली. एक प्राध्यापक दाढेत सिमेंट भरून घ्यायला आले होते. कलेचा इतिहास शिकवणारे. बाहेर आले तेव्हा अर्धं तोंड बधिर होतं, आणि तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. “लोंबा… लोंबार…” असं काहीतरी ते म्हणायला लागले आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. प्रतिमाने त्यांना टिश्यू दिला. बधिरपणा उतरल्यावर कळलं, मी म्हणजे लोंबार्डीतल्या एका चांगल्या चित्रशाळेतलं दुर्मीळ काम आहे, मला संग्रहालयात ठेवायला हवं, आणि दाताच्या दवाखान्यात ठेवणं हा गुन्हा आहे.

“तिथे समोर बसायला बाक असेल?” प्रतिमाने विचारलं.

“दोरी असेल,” प्राध्यापक म्हणाले. “जवळ जाता येणार नाही.”

“मग सध्या नको. माझ्या सासऱ्यांना त्याच्याकडे काम आहे.”

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात रामभाऊ आले. आणखी वाळलेले. डावा गाल आत गेलेला, हनुवटी एका बाजूला ओढलेली, ‘स’ म्हणताना शिटी वाजायची. वांडा मार्च महिन्यात गेली होती. तिच्या जागेपाशी जाऊन त्यांनी त्या बाकाखाली हात घालून चाचपलं. च्युइंगगम खरंच होतं. रामभाऊ मनसोक्त हसले. मला त्यांचं नवं हसू तेव्हा पहिल्यांदा दिसलं. वाकडं आहे, पण मोठं आहे.

आता ते माझ्याखाली बसतात, आणि काम करतात. हल्ली शॉमबर्गमध्ये पुण्या-मुंबईची, नागपूरची तरुण मुलं झुंडीने आलीत, कॉम्प्युटरच्या कामावर. दात साफ करायला प्रतिमाकडे येतात, कारण तिच्याशी मराठीत कण्हता येतं. काही महिन्यांपूर्वी निमिष म्हणून एकजण आला. पुण्याचा. जीन्सच्या मागच्या खिशात गुटख्याच्या पुड्यांची माळ, शर्ट बाहेर काढून झाकलेली. पण बाकावर बसताना शर्ट वर सरकतो.

“काय भरतोस?” रामभाऊंनी विचारलं.

“कुठे काय, काका. मी क्लीनिंगला आलोय.”

“ही बघ.” रामभाऊंनी बोट वर केलं. “आपली बाई. हिला चौघांनी धरून दात काढले. आणि हा बघ मी.” त्यांनी गाल त्याच्याकडे वळवला. “मला कुणी धरलं नव्हतं. मी आपला आपण मिटून बसलो होतो. दाखव.”

“काका, तुम्ही डॉक्टर आहात का?”

“नाही. मी पेशंट आहे. दाखव.”

निमिष हसला. इकडेतिकडे बघितलं. एका बाईने मुलाला जवळ ओढून घेतलं होतं. तिला वाटलं असावं, इथली पद्धत अशीच आहे. मग त्याने, म्हाताऱ्याचा मान ठेवावा म्हणून, तोंड उघडलं.

रामभाऊंनी चष्मा सरकवला. मान वाकडी करून आत बघितलं. माझा दिवा वरून पडलाच होता. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही त्यांनी, नुसता निमिषच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“प्रतिमा,” त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, “याला आधी घे.”

चट्टा लहान होता. पुड्यांची माळ त्याच दिवशी कचऱ्यात गेली. प्रतिमा दर महिन्याला त्याला बोलावते आणि तो येतो. आला की आधी रामभाऊंना तोंड दाखवतो, मग आत जातो.

तर असा मी आहे. माझ्या फळ्यांना चिरा गेल्यात, आकाशाचा निळा रंग काळा पडलाय, प्राध्यापक अधूनमधून फोन करून माझी चौकशी करतात. एक दिवस ते मला नेतील आणि दोरीमागे ठेवतील. तोवर माझी तुमच्याकडे मागणी एवढीच. मेणबत्ती नको, धूर फार खाल्लाय. कौतुकही नको, सेबास्टियन शेफारतो. कधी इकडे आलात तर बाकावर बसा. पण माझ्या बरोबर खालची जागा सोडून, ती रामभाऊंची आहे. ते तुमच्याकडे वळतील, चष्मा सरकवतील, शिटी वाजवत काहीतरी विचारतील. लाजू नका. आ करा.